मागचे दोन हुक

आमच्या घरात घुबड यावं म्हणून मी चार महिने देव पाण्यात घालून बसले होते. ऐकणाऱ्याला हसू येईल. छपरावर घुबड बसलं तर लोक दगड मारून हाकलतात, आणि ही बाई त्याची वाट बघते. पण हे घुबड पितळेचं होतं, वीतभर उंचीचं. भुताखेतांच्या, जादूच्या आणि परग्रहांच्या सिनेमा-मालिकांना दरवर्षी प्रेक्षक मतं देतात आणि त्याचा मोठा सोहळा होतो. त्या पुरस्काराचं खरं नाव इतकं लांब आहे की घेताना मध्ये श्वास घ्यावा लागतो, म्हणून सगळे नुसतं ‘घुबड’ म्हणतात. यंदा ‘सर्वोत्कृष्ट राक्षस’ या विभागात पाच नावं होती आणि त्यात माझा दादा होता. म्हणजे, त्याचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं ‘तळातला’.

तळातला हा एका जुन्या धरणाच्या तळाशी राहणारा प्राणी. त्याची मालिका बावीस वर्षं चालली, मधेमधे बंद पडत, पुन्हा सुरू होत. एकतीस किलोचा रबराचा सूट, ओला झाला की चाळीसच्या घरात जाणारा, आणि त्याच्या आत बावीस वर्षं माझा दादा. करारात कलम होतं की आतल्या माणसाचा चेहरा कुठे दिसता कामा नये, नाव छापता कामा नये. श्रेयनामावलीत यायचं, ‘तळातला : स्वतः’. शेजारीपाजारी विचारायचे, भाऊ काय करतो? मी सांगायचे, पाणीखात्यात आहे.

मी त्याची सूट सहायक. हे काम काय असतं ते कुणाला माहीत नसतं आणि असायचं कारणही नाही. काळे कपडे घालून राक्षसाच्या मागे उभं राहायचं, कॅमेरा फिरला की आपण बाजूला व्हायचं. जबड्यातून नळी घालून पाणी पाजायचं, दोन शॉटच्या मध्ये नाकपुडीतून हातपंख्याने वारा घालायचा, आणि मुख्य म्हणजे मागचे दोन हुक सांभाळायचे. तळातल्याचं डोकं वेगळं असतं. मानेवरच्या शेवाळी केसांखाली दोन पोलादी हुक असतात, ते डोकं धडाला जोडतात. वर दाबून आत ओढले की सुटतात. आतल्या माणसाला ते दिसत नाहीत, त्याचा हात तिथे पोचत नाही, आणि एकदा पंजे चढवले की स्वतःचं नाकसुद्धा खाजवता येत नाही, हुकाची तर गोष्टच सोडा.

आत बोललेलं बाहेर येत नाही. चार बोटं जाडीचं रबर असतं, नुसता हुंकार ऐकू येतो. म्हणून आमच्या खुणा होत्या. मांडीवर दोन थापा म्हणजे ठीक आहे. तीन थापा म्हणजे उघड. तीन थापा आल्या की मी चालू शॉटमध्ये धावत जायचे, दिग्दर्शक काय बोंबलायचा ते बोंबलो. हुक काढायचे, डोकं उचलायचं, आतून तव्यावरच्यासारखी वाफ यायची आणि दादाचा लालबुंद चेहरा दिसायचा. मी विचारायचे, “लागली का हवा?” तो म्हणायचा, “लागली.” मग बाकीचं बोलणं. बावीस वर्षांत त्याने तीन थापा मोजून पाच वेळा मारल्या. याचा त्याला फार अभिमान होता. मला राग यायचा, कारण त्या पाचच्या जागी पन्नास वेळा मारायला हव्या होत्या.

कारण मग फुप्फुसं गेली. डिंक, रबराची भुकटी, सतत ओलं अंग. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि पेनाने दाखवलं की एवढा भाग चालतो, एवढा चालत नाही. चालत नव्हता तोच जास्त होता. दादा घरी येऊन म्हणाला, “शेवटचं पर्व आहे, तेवढं पुरं करतो.” मी म्हणाले, जित्याची खोड... आणि पुढचं गिळलं. आमच्याकडे ती म्हण अर्धीच राहिली.

शेवटच्या पर्वाचे चार दिवस उरले असताना तो सूट घालून उभाच राहू शकेना. दिग्दर्शकाने कुठला तरी कसरतपटू बोलावायचं ठरवलं. दादा खुर्चीत बसून नुसता बुटांकडे बघत राहिला. मला ते बघवेना. आमच्या घरात सगळेच ताडमाड. माझ्या उंचीपायी माझं लग्न दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा मीच मोडलं. पण त्या दिवशी ती उंची कामाला आली. मी म्हणाले, मी जाते आत, कसरतपटू कशाला? दिग्दर्शकाला काम वेळेत हवं होतं, आत माणूस आहे की मांजर याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. चार दिवस मी आत आणि दादा मागे खुर्चीवर. हुक तोच लावायचा, तोच काढायचा, आणि डोकं उचललं की मलाच विचारायचा, “लागली का हवा?” वर हसायचा. बावीस वर्षांचा वचपा काढत होता.

त्या चार दिवसांत एक सीन झाला. धरणाकाठच्या खोलीत एक लहान मुलगी तापाने फणफणली आहे, एकटी आहे, आणि तळातला तिला ओढून न्यायला येतो. संहितेत एवढंच होतं की तो तिच्याकडे बघतो आणि परत जातो. मी आत होते, दोन रुपयाएवढ्या भोकांतून ती पोर दिसत होती, आणि माझा हात आपोआप गेला. तळव्याला नख्या आहेत म्हणून उलटा गेला. उलट्या हाताने मी तिचं कपाळ बघितलं. दादा असंच बघायचा. तो चौदाव्या वर्षापासून लाकडाच्या कारखान्यात होता, तळहात कानशीसारखे खरखरीत, म्हणून मला ताप आला की तो उलट्या हाताने बघायचा. आई नव्हती, दुसरं कुणी बघणारं नव्हतं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला. ते तसंच ठेवलं.

मालिका संपली, तो भाग लागला, आणि लोक वेडे झाले. बावीस वर्षांत एकदाही यादीत न आलेला तळातला पहिल्या पाचात आला. तोवर दादा दवाखान्यात होता, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क.

या पुरस्कारात एक पद्धत आहे. मत द्यायचं तर नुसतं बोट दाबून चालत नाही, का देताय ते एका ओळीत लिहावं लागतं. सोहळ्याच्या महिनाभर आधी त्या सगळ्या ओळी छापून ज्याच्या त्याला पाठवतात. आमच्याकडे दोन जाडजूड गठ्ठे आले. मी ते पिशवीत घालून दवाखान्यात नेले. दादाला चष्मा लावला की मास्क सरकायचा, मास्क बसवला की चष्मा निघायचा. म्हणाला, “चिमे, तू वाच.” पन्नाशीच्या, पावणेसहा फुटी बाईला चिमी म्हणणारा जगात तो एकटाच.

पहिली ओळ होती, ‘त्याने उलट्या हाताने ताप बघितला म्हणून.’ दुसरी, ‘तो हात.’ तिसरी, ‘माझी आजी असाच ताप बघायची.’ मी पान उलटलं. चौथी, पाचवी, विसावी, सगळ्या त्याच. पुढचं पान, तेच. बावीस वर्षं हा माणूस थंड पाण्यात उतरला, गुडघे सोलून घेतले, एकदा जळत्या बोटीवर उभा राहिला, आणि लोकांना आठवत होता तो एक हात, जो त्याचा नव्हता.

दादा डोळे मिटून वाट बघत होता. मी घसा साफ केला आणि वाचलं, “जळत्या बोटीवर तो ज्या तऱ्हेने वळून बघतो, ते मी विसरू शकत नाही.”

दादाच्या मास्कमध्ये धुकं जमलं. तो हसत होता.

मग काय, मी सुटलेच. सहा दिवस, रोज तासभर, कोऱ्या चेहऱ्याने खोटं वाचलं. दुसऱ्या पर्वातला पाठलाग, सातव्यातली पुलाखालची झोप, अकराव्यात पाण्यातून फक्त डोळे वर येतात तो प्रसंग. मला सगळं पाठ होतं, मी प्रत्येक वेळी मागे उभी होते. मधूनच एखादी हाताची ओळही घालायचे, संशय नको म्हणून. दादा पावाचा अर्धा तुकडा जास्त खायला लागला. सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या की सांगायचा, “थांबा जरा, माझी पत्रं चाललीत.” मी स्वतःवर खूश होते. एवढी वर्षं माणसाला वारा घातला, आता कौतुक घालत होते.

सातव्या दिवशी मी वाचलं, “नवव्या पर्वात तो धरणाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात दगड टाकतो, ते बघून मला रडू आलं.”

दादाने डोळे उघडले. मास्क खाली केला.

“चिमे, तो सीन कापला होता.”

मी पान उलटसुलट करून बघितल्यासारखं केलं.

“संकलनात गेला तो. आठवत नाही? तू चिडून दिग्दर्शकाशी दोन दिवस बोलली नव्हतीस. तो तू बघितला, मी केला, आणि तिसऱ्याने कुणी बघितला नाही. मग या प्रेक्षकाने कुठून बघितला?”

“असेल कुठेतरी...”

“आण इकडे.”

त्याने गठ्ठा घेतला, मास्क उशीवर ठेवला, चष्मा लावला. मी म्हणाले, मास्क लाव आधी. त्याने हात वर केला, थांब म्हणून. दोन पानं वाचली. तिसरं अर्धं वाचलं. ओठ निळे पडायला लागले तेव्हा मी कागद ओढून घेतले आणि मास्क लावला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

“सगळे हाताचेच?” त्याने विचारलं.

“जवळजवळ.”

“मग घुबड तुझं आहे.”

“काहीतरी बोलू नकोस. तो हात तुझाच होता. मी लहानपणी तुझ्याकडून उचलला.”

“उचललास ना? मग उचलणाऱ्याचा.”

“दादा, तू बावीस वर्षं...”

“बावीस वर्षं मी घाबरवलं,” तो म्हणाला. “ते माझं मला माहीत आहे. पण हे लोक ज्याला मत देतायत ते तू केलंस. मला दुसऱ्याचं नको.”

दुसऱ्याचं. मी दुसरी झाले. मला इतका संताप आला की मी डबा उचलला आणि उभी राहिले. पण जाणार कुठे? पुन्हा बसले.

आता तो सोहळा कसा असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. राक्षसांच्या विभागात पाचही उमेदवार सूट घालूनच येतात. जिंकणारा रंगमंचावर जातो, सगळं सभागृह ओरडतं, “तोंड दाखव, तोंड दाखव”, आणि मग तो डोकं काढतो. वर्षानुवर्षं न दिसलेला चेहरा लोकांना पहिल्यांदा दिसतो. मग त्याचं पूर्ण नाव पुकारतात. करार कितीही कडक असू दे, त्या दोन मिनिटांपुरती सगळ्या कंपन्यांनी मोकळीक दिलेली आहे. दरवर्षी मी आणि दादा तो कार्यक्रम टीव्हीवर बघायचो. कुणाचं तरी डोकं निघायचं, आतून घामाने निथळणारा, बावरलेला, टक्कल पडलेला एखादा साधा माणूस बाहेर यायचा, आणि चार हजार लोक उभे राहायचे. दादा पाय हलवायचा थांबायचा.

“सूट तू घालून जा,” दादा म्हणाला. “जिंकलो तर डोकं काढ आणि सांग, तो हात माझा होता. माझी शपथ घे.”

मी शपथ घेतली. शपथ घेताना मनात पक्कं ठरवलं होतं की मोडायची. डोकं काढायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. त्याचं, वडिलांचं, आडनाव, तिन्ही. म्हणायचं की मी बहीण आहे, तो दवाखान्यात आहे, हे बघतो आहे, त्याच्यासाठी उभे राहा. चार हजार माणसांनी एकदा त्याचं नाव ऐकावं आणि ते ऐकताना त्याने ऐकावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

सोहळा दुपारी चारला होता. मी सकाळपासून तयारीला लागले. यादी केली, खुणा केल्या. पाण्याची बाटली, लांब नळी, हातपंखा, बर्फाच्या पिशव्या, पंज्यांना लावायची पावडर, बुटांचे जादा पट्टे, सुई-दोरा, रबराचा डिंक. दवाखान्यात जाऊन टीव्ही लावून चॅनल बघून ठेवलं. सिस्टरना तीनदा सांगितलं, चारला लावा. त्या म्हणाल्या, “अहो बाई, लावते, अख्खा वॉर्ड बघणार आहे.”

पडद्यामागे आम्ही पाच जण ओळीत उभे होतो. एक पंखांचा, एक यंत्रमानव, एक भिंतीतून येणारी बाई, एक तीन डोक्यांचा, आणि मी. राक्षसांच्या मागे काळ्या कपड्यांतली माणसं. कुणी वारा घालत होतं, कुणी पट्टा आवळत होतं. माझे हुक तिथल्याच एका गृहस्थांनी लावून दिले. कानाला यंत्र लावलेलं, हातात कागद. “असे? असे का?” म्हणाले, दोन्ही खटके बसल्याचं मला मानेत जाणवलं, आणि ते पुढच्या कामाला गेले. मी भोकांतून त्या काळ्या कपड्यांकडे बघत होते. पाच राक्षस, मागे चार माणसं. हे मला दिसलं. दिसूनही डोक्यात शिरलं नाही. आयुष्यभर मी त्या बाजूला उभी होते, त्यामुळे मोजताना स्वतःला धरूनच मोजलं.

तळातला जिंकला.

पुकारा रबरातून गडगडल्यासारखा आत आला. पायऱ्या चढले. दिव्यांनी भोकं पांढरी झाली. सूत्रसंचालकाने ते पितळी घुबड माझ्या पंज्यात कोंबलं. मग सुरू झालं, तोंड दाखव, तोंड दाखव. मी ताठ उभी राहिले आणि वाट बघू लागले.

आता हसू नका. मी खरंच वाट बघत होते. मागून हात येईल, शेवाळ बाजूला होईल, वर दाबून आत ओढलं जाईल. दोन-तीन क्षण तसे गेले आणि मग लक्षात आलं. मागे कोण येणार? ते काम करणारी बाई आत होती. मी सगळं आणलं होतं, सुई-दोरासुद्धा आणला होता, फक्त मला आणायला विसरले होते.

पंजा मानेकडे नेला. पोचला नाही. पोचला असता तरी त्या नख्यांनी काय होणार होतं? मी ओरडले, “हुक काढा, मागचे हुक.” सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपक जबड्याला लावला, आणि सभागृहात नुसता घोगरा हुंकार घुमला. लोक आनंदाने किंचाळले. मी वळून त्यांच्याकडे पाठ केली, कुणाला तरी हुक दिसतील म्हणून. लोकांना वाटलं, तळातला रुसला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. घाम डोळ्यांत गेला, दिसेनासं झालं, श्वास पुरेना, आणि मग माझ्या हाताने ते केलं जे बावीस वर्षं बघितलं होतं. घुबड एका काखेत धरलं आणि मांडीवर तीन थापा मारल्या.

थांबून पुन्हा तीन.

प्रत्येक राक्षसाच्या खुणा वेगळ्या असतात, ज्याच्या त्याच्या घरच्या. तिथे कुणाला कळणार? पण लोकांना ते आवडलं. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी आपल्या मांडीवर तीन थापा मारल्या. मग दुसऱ्याने. मग सगळं सभागृह मारायला लागलं, चार हजार माणसं, एका लयीत, तीन, थांबून तीन. माझ्या पायाखालची फळी हादरत होती. सगळे मला म्हणत होते, उघड, उघड, आणि त्यातल्या एकालाही आपण काय म्हणतोय हे माहीत नव्हतं.

जगात ती खूण कळणारा एकच माणूस होता, आणि तो खाटेवर पडून टीव्ही बघत होता.

“तळातला चेहरा दाखवायला नकार देतोय,” सूत्रसंचालक म्हणाला. “रहस्य रहस्यच राहणार.” मग संगीत वाजलं. दोघांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. घेणार कोण, ते माझ्याजवळ होतं.

विंगेत यंत्रमानवाच्या सहायकाने ओळखलं. तो धावत आला, शेवाळ बाजूला केलं, हुक काढले. मी खाली बसले आणि तोंड उघडून श्वास घेतला. तो म्हणाला, “तुमचा माणूस कुठाय?”

“दवाखान्यात,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळबद्दल लोक अजून लिहितात. शेवटपर्यंत मुखवटा न काढणारा एकमेव विजेता, केवढी निष्ठा, केवढा संयम. वाचलं की माझ्या डोक्याची शीर उठते. मी नंतर संयोजकांना पत्र लिहिलं, त्यांनी सभ्य उत्तर दिलं आणि कुठल्याशा यादीत त्याचं नाव घातलं. तिन्ही घातली. पण दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते कर्म माझंच. पंचवीस गोष्टींची यादी करणाऱ्या बाईला सव्विसावी आठवली नाही.

मी अर्धा सूट अंगावर असताना टॅक्सीत बसले. दवाखान्यात पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. जिन्यातच सिस्टर भेटल्या, घाबरलेल्या. “बरं झालं आलात. टीव्ही बघता बघता एकदम उठायलाच लागले हो. मास्क काढून टाकला. हुक, हुक म्हणत होते. आम्हाला वाटलं सलाईनच्या स्टँडचा हुक, तो हलवून दाखवला तर आमच्यावरच चिडले. पाय खाली सोडला होता, आम्ही दोघींनी धरून झोपवलं. कुठे निघाले होते कोण जाणे.”

मला ठाऊक होतं कुठे निघाला होता.

तो उशीला टेकून बसला होता. चेहरा राखेच्या रंगाचा. मी घुबड त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते बोटाने ढकलून बघितलं आणि ते आडवं झालं.

“कलंडतंय,” तो म्हणाला.

“तू चिडू नकोस,” मी म्हणाले. “मी विसरले. दादा, मी मागे कुणी लागतं हेच विसरले.” आणि मी रडायला लागले, सिस्टरांसमोर, रबरी पायांसकट.

तो मास्कमधून श्वास घेत राहिला. नंतर तो तीन दिवस होता, पण बोलणं असं झालं ते त्या संध्याकाळचंच. मास्क खाली करून त्याने विचारलं, “खरं सांग. नाव कुणाचं घेणार होतीस?”

“तुझं.”

“शपथ घेतली होतीस माझी.”

“हो.”

“वाटलंच मला,” तो म्हणाला. “खोटारडी.” आणि त्याला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, तो थांबायला बराच वेळ लागला. मी त्याला टेकवलं आणि मास्क लावायला वाकले, तर त्याने माझा हात बाजूला केला. त्याचा हात माझ्या खांद्यावरून मागे गेला. जड होता, तरी गेला. त्याने माझ्या मानेवरचे ओले केस बाजूला सारले. बोटांनी मानेपाशी चाचपलं, वर दाबलं, आत ओढलं. एक. मग थोडा थांबला, दम घेतला. वर दाबलं, आत ओढलं. दोन.

तिथे हुक नव्हते, हे त्याला माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी मान हलवली नाही.

“लागली का हवा?” त्याने विचारलं. ते विचारण्यापुरतीही हवा त्याच्याजवळ नव्हती.

“लागली, दादा,” मी म्हणाले.

मग त्याने मला मास्क लावू दिला.